पप्पांच्या खिशातला हिरवा दगड

माझ्या वडिलांच्या पांढऱ्या शर्टाचा खिसा त्या वर्षी दोनदा उसवला. खिशात दोन पेनं, चष्मा आणि मी दिलेला एक दगड असायचा. दगड लिंबाएवढाच, पण जड. आई खिसा शिवताना म्हणायची, "दगडच बाळगायचाय तर पिशवीत ठेवा की." पप्पा म्हणायचे, "पिशवीतनं काढेपर्यंत माणूस उतरून जातो."

माणूस म्हणजे एसटीत शेजारी बसलेला कुणीही. आम्ही मंचरला राहायचो आणि पप्पा पेठ गावाजवळच्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. येता-जाता एसटी. त्यामुळे रोज नवा शेजारी मिळायचा आणि रोज दगड बाहेर निघायचा. मी तेव्हा पुण्यात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, भूगर्भशास्त्राला. शनिवारी घरी यायचे. कधी माझीच गाडी पेठेला थांबायची आणि पप्पा चढायचे. मला बघून मान हलवायचे, पण माझ्याजवळ बसायचे नाहीत, कारण शेजारी बहुतेक बाई असायची. ते मागे कुठेतरी जागा धरायचे, आणि मग मला पाठीमागून त्यांचा आवाज ऐकू यायचा.

"पावणं, हे काय हाय, वळका बरं."

"दगूड हाय की, गुरुजी."

"दगूड तर हायच. जरा उन्हात धरा. चमकतंय का न्हाई?"

"चमकतंय राव. हिरवं हिरवं. काच बसवलीया का काय?"

"काच न्हवं, अभ्रक हाय. आन जिथं हे हिरवं अभ्रक, तिथं शेजारी सोनं."

"काय सांगता!"

"माझी पोरगी ह्याच्यावरच एम.एस्सी. करती. ती काय फुडं बसलीया, निळ्या ड्रेसातली."

मग सगळे पुढे बघायचे. मी खिडकीबाहेर बघायचे. माझ्या कानाच्या पाळ्या तापायच्या आणि मंचर कधी येतंय असं व्हायचं. दगड हातोहात फिरायचा, कुणीतरी तो दाताखाली धरून बघायचा, कुणी विचारायचा, "मग ह्यातनं किती तोळं निगंल?" आणि सगळी गाडी हसायची. पप्पाही हसायचे.

त्यांना वर्गात शुद्ध मराठी लागायची आणि एसटीत गावची. दोन्ही त्यांना येत होत्या. मला एकही नीट येत नव्हती. नव्वदच्या सुमाराला मंचरला इंग्लिश मीडियमची एक शाळा निघाली तेव्हा पप्पांनी मला तिथे घातलं. त्यावर त्यांचे सोबतचे शिक्षक म्हणायचे, "काय गुरुजी, गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात पाठवता होय?" माझे आजोबा बौद्ध झाले तेव्हा पप्पा नुकतेच पाटी घेऊन शाळेत जायला लागले होते. इंग्रजी त्यांना सातवीनंतर भेटली आणि शेवटपर्यंत परक्यासारखीच वागली. आपल्या मुलीचं तसं होऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. तसं झालं नाही. उलटं झालं. मला घरातल्या भाषेत घरापुरतं बोलता यायचं. चार माणसांत उभं राहून काही समजावून सांगायचं म्हटलं की शब्द इंग्रजीत उगवायचे, आणि ते तिथे नको असायचे, म्हणून मी गप्प बसायचे. गप्प बसणाऱ्या मुलीला लोक शहाणी समजतात. त्याचा मला फायदा होत आला होता.

आता दगडाबद्दल. कर्नाटकातल्या एका जुन्या सोन्याच्या खाणीजवळून आम्ही विद्यार्थ्यांनी नमुने आणले होते. तिथे फार पूर्वी जमिनीखालच्या भेगांतून गरम पाणी वाहिलं. त्या पाण्यात सोनं विरघळलेलं होतं. पाणी गेलं त्या वाटेवर सोनं राहिलं, आणि वाटेच्या दोन्ही बाजूंचा खडक त्या पाण्याने बदलून टाकला. मूळ खनिजं मोडली, नवी झाली. त्यातलंच हे हिरवं अभ्रक. त्याचा रंग क्रोमियममुळे येतो. माझं काम होतं त्या अभ्रकाच्या कणांत आणखी काय काय आहे ते मोजायचं. त्यासाठी दुसऱ्या शहरातल्या एका यंत्रावर मला वेळ मिळाला होता. माझ्या कणांत बेरियम निघालं, आणि अभ्रकात सहसा असतं त्यापेक्षा कितीतरी जास्त. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, यंत्र चुकलं असेल, पुन्हा मोज. मी पुन्हा मोजलं. तेच आलं. सोन्याच्या शिरेच्या जवळच्या कणांत बेरियम जास्त, लांबच्या कणांत कमी. म्हणजे सोनं नेलेल्या पाण्याची खूण त्या अभ्रकात राहून गेली होती.

हे मी पप्पांना स्वयंपाकघरात बसून सांगितलं होतं. माझ्या मोडक्या मराठीत, मधे मधे इंग्रजीत. त्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि शेवटी विचारलं, "म्हणजे हे हिरवं दिसलं की सोनं जवळ?" मी म्हटलं, "त्या खाणीपुरतं, साधारण तसंच." मग मी त्यांना एक तुकडा दिला, कठीण गारगोटीत हे अभ्रक रुतलेला. माझ्या वाक्याचा पहिला अर्धा भाग, 'त्या खाणीपुरतं', एसटीत चढला नाही.

आमचं गाव लोणीकडे, तालुक्याच्या पूर्वेला, जिथे पाऊस नेमका कमी पडतो. गावाबाहेरचा एक माळ पप्पा आणि त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे तात्या, दोघांच्या नावावर होता. कसत होते तात्या. बाजरी व्हायची, मटकी व्हायची, तीही पाऊस झाला तर. मार्च उलटला की आमच्या आळीतला हापसा कोरडा पडायचा. मग काकी, तात्यांची बायको, हंडा-कळशी घेऊन वरच्या मळ्यात जायची. तिथे आप्पांची विहीर होती, मोटर होती. आप्पा म्हणजे गावातले जुने बागायतदार. ते पाण्याला कधी नाही म्हणाले नाहीत. पण मोटर त्यांच्या सवडीने चालू व्हायची. तोपर्यंत आमच्या आळीतल्या बायका बांधावर उभ्या राहायच्या. पाइपाच्या तोंडाशी त्यांच्या घरच्यांचं आधी व्हायचं. कुणी कुणाला काही सांगत नसे. उभं कुठे राहायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

काकीला स्वतःची विहीर हवी होती. लग्न होऊन आल्यापासून तिचं तेवढंच मागणं होतं. त्या वर्षी शेवटी तात्यांनी माळावर विहीर धरली. पप्पांनी फंडातून उचल काढली, विहिरी खोदणारी एक टोळी ठरली. मुरूम निघाला, मग मांजऱ्या म्हणतात तो जांभळट, ठिसूळ खडक लागला, मग काळा पाषाण. पाणी नव्हतं. मुकादम म्हणाला, अजून खाली जाऊ, ह्या पाषाणाखाली लागेल. सुरुंग घेतला, आणि त्या सुरुंगात जो खडक फुटून वर आला तो हिरवा होता.

काळ्या दगडात लहानमोठ्या पोकळ्या, पोकळ्यांना आतून हिरवा गिलावा, आणि मधे पांढऱ्या गारा, म्हणजे गारगोटीचे खडे. तात्यांनी एक ढेकूळ उचललं. त्यांनी पप्पांचा दगड दिवाळीत हातात घेऊन पाहिला होता. त्यांनी काम थांबवलं.

मे महिना होता. मी प्रबंध लिहायला घरी आले होते. शेजारच्यांच्या फोनवर तात्यांचा निरोप आला: "दादा, पोरीला घिऊन ये. लगोलग ये. आन कुनाला बोलू नगं." आम्ही पप्पांच्या स्कूटरवर निघालो. वाटेत पप्पा एकदाच बोलले. मान वळवून ओरडले, "हिरवाच आहे म्हणतोय!" वाऱ्यात त्यांचा आवाज फाटला. त्यांना आनंद झाला होता हे मला पाठीमागूनही कळत होतं.

कुणाला बोलू नको म्हणणाऱ्या तात्यांच्या विहिरीवर निम्मं गाव जमलं होतं. विहिरीभोवती बाभळीच्या काट्या लावलेल्या. टोळीची माणसं सावलीला बसलेली, त्यांचं यंत्र नुसतंच उभं. आप्पाही आले होते, छत्री घेऊन. मुकादम पप्पांना म्हणाला, "गुरुजी, काय ते ठरवा. आमाला उद्या सकाळी आण्याच्या पठारावर जायचंय, तितली विहीर धरलीया. हितं सुरुंग लावू म्हनला तर आज भरून ठिवतो. नको म्हनला तर नको. पर आमी पुन्यांदा पावसाळा झाल्यावरच गावायचो."

"सुरुंग लावला तर सोनं उधळंल की," तात्या म्हणाले. ते थट्टा करत नव्हते.

त्यांनी ढेकूळ माझ्या हातात दिलं. "बघ गं बाय. त्योच का न्हाई?"

मी भिंग काढलं. गरज नव्हती. तो दगड मी हातात घेण्याआधीच ओळखला होता. आपल्या काळ्या खडकात असला हिरवा गिलावा जिथे रस्त्यासाठी डोंगर कापतात तिथे दिसतो. पहिल्या वर्षाच्या सहलीत आम्ही त्यावरून चालत गेलो होतो. सोन्याशी त्याचा काही संबंध नाही. हे एक वाक्य होतं. 'इथे सोनं नाही.' एवढंच म्हणायचं होतं.

पण माझ्या डाव्या हाताला पप्पा उभे होते, आणि त्यांच्या खिशाला दगडाचा फुगवटा होता. समोर सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. आणि दोन वर्षं मला हेच शिकवलं गेलं होतं की मोजल्याशिवाय ठाम बोलायचं नाही. मी खाली बघत बोलायला लागले.

"रंग सारखा आहे... पण कारण वेगळं आहे. म्हणजे, असावं. हेपण गरम पाण्यामुळेच तयार होतं. आणि हेपण अभ्रकाच्याच फॅमिलीतलं आहे, पण..."

"काय म्हनली?"

"फ्यामिली यकच म्हनली!"

"नाही, पण ह्याच्यात लोह... सोन्याचं म्हणाल तर, तपासल्याशिवाय तसं..." माझा आवाज बसला. पुढचं मलाही ऐकू आलं नाही.

मग आप्पा छत्री टेकून म्हणाले, "तपासल्याबिगर सांगत न्हाई म्हंजी हाय. सराफ कधी पयल्यांदा खरं सांगतो व्हय?"

"गुरुजींची पोरगी हाय. पोटातलं पानी हलू द्यायची न्हाई."

"शिकलेली हाय राव. आदी सरकारला सांगंल, मग आपल्याला."

सगळे हसले, पण ते आता विहिरीकडे वेगळ्या नजरेने बघत होते. मला काही बोलायचं असेल अशी शंकाही कुणाला राहिली नव्हती. माझं गप्प बसणं हाच पुरावा झाला होता. मी जितकी लाल होत होते तितकं त्या माळाखाली सोनं वाढत होतं.

गर्दीच्या मागे काकी उभी होती. ती तेवढीच हसत नव्हती. माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाली, "बाय, व्हय का न्हाई, तेवढंच सांगायचं व्हतं."

घरी चहा झाला. तात्यांनी दार लोटून घेतलं आणि पप्पांसमोर उकिडवे बसले. ते लहानपणापासून पप्पांना मान देत आले होते. त्या दिवशी त्यांनी खाली बघत विचारलं, "दादा, जमीन दोगांची हाय. तुला हिस्सा पायजे आसंल तर सरळ सांग. पोरीला मुकं कशाला करतुयास?"

पप्पांच्या हातात बशी होती. ती त्यांनी जमिनीवर ठेवली. मी भिंतीला टेकून बसले होते. मला तिथल्या तिथे भिंतीत जिरून जावंसं वाटलं. काकीने कळशी उचलली आणि मला म्हणाली, "चल, पानी घिऊन येऊ." तिला मला तिथून उठवायचं होतं.

वरच्या मळ्यात मोटर चालू होती. आम्ही बांधावर थांबलो, ठरलेल्या जागी. पाइपाशी आप्पांच्या घरातली एक सून होती. तिने आम्हाला बघितलं आणि मोठ्याने म्हणाली, "आता तुमची सोन्याची हीर झाली की. आमच्या मोटरीवर कशाला येता? लाजवता होय आमाला?"

बाकीच्या बायका हसल्या. काकीही हसली. मला तिचं ते हसणं अजून आठवतं. फक्त ओठ हलले. मग ती म्हणाली, "सोनं काय पिता येतंय व्हय, वहिनी," आणि वाट बघत उभी राहिली. आमची पाळी आली तेव्हा पाइपाचा जोर कमी झाला होता. कळशी भरायला वेळ लागला. परत येताना डोक्यावर हंडा आणि कमरेला कळशी घेऊन ती माझ्यापुढे चालत होती. मला तिने काही घेऊ दिलं नाही. "तुजं कपडं भिजत्याल," म्हणाली.

पप्पा बाहेर स्कूटरजवळ उभे होते. मी त्यांच्याजवळ गेले.

"पप्पा, सोनं नाहीये. शंभर टक्के नाहीये."

ते माझ्याकडे बघत राहिले. "मग तिथं का नाही बोललीस?"

मी त्यांच्या खिशाकडे बघितलं. त्यांनी खिशावर हात ठेवला. त्यांना कळलं असावं. दगड बाहेर काढून त्यांनी तळहातावर घेतला आणि विचारलं, "ह्यात तरी आहे का?"

"ह्यात पण नाही. शेजारी होतं."

"किती शेजारी?"

"दोन-तीन हात."

"दोन-तीन हातांनी हुकलं म्हणायचं," ते म्हणाले आणि हसल्यासारखं केलं. मग चष्मा लावला, तात्यांना हाक मारली, आणि आम्ही पुन्हा माळावर गेलो. आम्ही निघालेलं बघून लोकही मागोमाग आले.

ऊन उतरलं होतं, पण उजेड चांगला होता. टोळी सामान आवरत होती. पप्पांनी काकीकडून तांब्याभर पाणी मागून घेतलं. आप्पा म्हणाले, "सोनं धुवून बघताय का काय, गुरुजी?" विहिरीच्या काठावर एक सपाट फरशीसारखा दगड होता. त्यावर पप्पांनी थोडं पाणी ओतलं. आणि ते शाळेतल्या भाषेत बोलायला लागले. शुद्ध, सावकाश, प्रत्येक शब्द सुटा. गावात ते कधी तसं बोलत नसत.

"तिसरीच्या मुलांना मी असंच शिकवतो. बघा आणि सांगा. हा विहिरीतला दगड." त्यांनी ढेकळातला हिरवा भाग फरशीवर घासला. "काय झालं?"

पोरंटोरं आधी बोलली. "हिरवं झालं! चिखूल झाला!"

"बरोबर. रंग सुटला." त्यांनी काकीला बोट लावायला सांगितलं. तिने लावलं. बोट हिरवं झालं. तिने ते पदराला पुसलं आणि पदर हिरवा झाला. "आता हा माझा दगड." त्यांनी खिशातला दगड त्याच फरशीवर जोर लावून घासला. किर्र आवाज आला. फरशीवर ओरखडा उमटला, दगडाला काहीच झालं नाही. "ह्याचा रंग सुटला का?"

"न्हाई."

"दोन्ही हिरवे. दोन्ही एक का?"

पोरं फरशीवर वाकली.

"माझा दगड कर्नाटकातला. ह्याच्या शेजारी सोनं होतं, तिथं, त्या खाणीत. हा आपल्या माळाचा. हा नुसता रंग आहे. मी तुम्हाला सगळ्यांना सांगत फिरलो की जिथे हिरवं तिथे सोनं. मुलीने मला तसं सांगितलं नव्हतं. मी अर्धवट ऐकलं आणि पुरं सांगितलं."

"म्हंजी एसटीत सांगत व्हता ते?" मुकादमाने विचारलं. त्यालाही तो दगड कधीतरी दाखवला गेला होता.

"चुकीचं सांगत होतो."

पहिल्यांदा कोण हसलं मला माहीत नाही. मग सगळेच हसले. "सोन्याचे गुरुजी!" कुणीतरी मागून ओरडलं आणि ते नाव तिथल्या तिथे पक्कं झालं. पप्पा मधोमध उभे होते, ओल्या हातात दोन दगड घेऊन, वर्ग शांत व्हायची वाट बघितल्यासारखे. शाळेत असते तर त्यांनी टेबलावर डस्टर आपटलं असतं. मी त्यांच्यापासून दोन पावलांवर होते. पायांखालच्या मुरमाकडे बघत होते. त्यात गारेचे बारीक कण होते आणि ते चमकत होते.

सगळं सुरळीत होईल असं वाटत होतं, पण तात्या हलले नव्हते. ते पप्पांकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघत होते. "ह्यो मास्तर हाय. पोरास्नी समजवायची त्याला सवय हाय. तू सांग."

मला आठवतं की मी मान वर केली. आवाज फुटला, मधेच चिरकला, नको तितका मोठा आला. "सोनं नाही, तात्या. अजिबात नाही."

"आन पानी?"

तिथे मला हो म्हणता आलं असतं. सगळ्यांना तेच हवं होतं, काकीला सगळ्यात जास्त. पण त्या पोकळ्या गारांनी भरलेल्या होत्या. खाली भेग असेल तर पाणी, नसेल तर कोरडा पाषाण.

"ते मला माहीत नाही."

तात्यांनी आणखी थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी वळून बाभळीची एक काटी ओढली. काकीने त्यांच्याआधीच दुसऱ्या बाजूच्या दोन ओढून फेकल्या होत्या, हातात काहीही न घेता. मुकादमाने टोळीला शीळ घातली. आमच्या देखत त्यांनी सुरुंगाची भोकं पाडायला घेतली.

पप्पांनी हात धुतले नाहीत. पाणी सांडायचं नव्हतं म्हणून असेल. त्यांनी हिरवे हात रुमालाला पुसले आणि आपला दगड माझ्यासमोर धरला. "हा तुझ्याकडे ठेव," एवढंच म्हणाले. मी घेतला. तो त्यांच्या हाताने गरम झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरुंग उडाला. टोळी आण्याला जायची ती थोडी उशिरा गेली. हिरव्या थराखाली एक आडवी भेग निघाली आणि तिच्यातून पाणी आलं. फार नाही, पण उन्हाळ्यात टिकेल इतकं. सुरुवातीला ते गढूळ हिरवट यायचं, काकी चौपदरी फडक्यातून गाळून घ्यायची. नंतर निवळलं. काकी पुन्हा वरच्या मळ्यात गेली नाही. उलट पुढच्या उन्हाळ्यात आमच्या आळीतल्या बायका तिच्याकडे यायला लागल्या. तिने बांधावर कुणाला उभं केलं नाही, असं आई सांगायची. विहिरीला मात्र गावाने नाव दिलं ते दिलंच. सोन्याची हीर. पप्पांना विचारायचे, "काय सोन्याचे गुरुजी, काय म्हनतंय सोनं?" पप्पा म्हणायचे, "बरं हाय." तात्यांनी त्या दिवशीच्या हिश्शाच्या बोलण्याबद्दल पुन्हा काही काढलं नाही. पप्पांनीही नाही. दोघं भाऊ त्या दिवसापासून एकमेकांशी जरा जास्त जपून बोलायला लागले.

मी प्रबंध दिला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं बेरियमबद्दल विचारलं. मी उभी राहून इंग्रजीत, न अडखळता, फळ्यावर आकृती काढून सगळं सांगितलं. आवाज शेवटच्या बाकापर्यंत जात होता. सर खूश झाले. मला मात्र बोलताना मधेच माळ आठवला आणि पुढचं वाक्य संपेपर्यंत मी फळ्याकडेच तोंड ठेवलं.

दिवाळीनंतर मी पुण्याला परत निघाले तेव्हा पप्पा सोबत आले. त्यांचं काही काम होतं. मंचरहून गाडीला गर्दी नव्हती, त्यामुळे आम्ही पहिल्यांदाच एका बाकावर बसलो. मी खिडकीशी, ते कडेला. कंडक्टर त्यांच्या रोजच्या ओळखीचा होता. तिकीट फाडताना त्याने समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्याला खुणावलं आणि म्हणाला, "बाबा, हे गुरुजी लई भारी दगूड दावत्यात. सोन्याचा शेजारी. गुरुजी, दावा की ह्यांना."

म्हातारा कौतुकाने वळला. पप्पांचा हात सवयीने खिशाकडे गेला. खिशात दोन पेनं होती आणि चष्मा होता. खिसा आता सरळ, सपाट राहत होता. हात तिथेच थोडा थांबला आणि त्यांनी पेन नीट केल्यासारखं केलं.

"कुठला दगूड?" ते म्हणाले. "न्हाई बाबा. आपल्याकडं कुठला आलाय."

दगड माझ्या बॅगेत होता, कापसात गुंडाळलेला, वरच्याच कप्प्यात. चेन ओढली असती की हाताला लागला असता. म्हातारा अजून वळूनच बघत होता, आधी पप्पांकडे, मग माझ्याकडे. पेठ मागे पडली. मी बॅग दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसून राहिले.